टॉवरचा ठसा आणि कारागिराची खूण



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, की तो बोनसवर, महागाईवर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलणार असे श्रोते गृहीत धरतात. आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'ब्रिटिश लष्करातील चकमकीची पिस्तुले व त्यांचा संग्रह' हा विषय पाहून छापखान्यात काही घोटाळा झाला असावा, अशी शंका आपल्यापैकी काहींना आली असेल. तसा घोटाळा झालेला नाही. विषय मीच दिला, आणि चालकांनी तो मोठ्या मनाने मान्य केला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

मी लहानपणी शाळा सोडून कारखान्यात शिरलेला माणूस. तेथे फिटर म्हणून हातात कानस आली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात, आणि इंग्रजी वाचावयास शिकलो ते शब्दकोश उशाशी ठेवून. पण कानस चालविलेल्या माणसाला एक विद्या फुकट मिळते. दुसऱ्याने चालविलेली कानस त्याला ओळखू येते. या पिस्तुलांच्या वाटेला मी गेलो तो त्या विद्येच्या बळावर. राजांच्या आणि सेनापतींच्या कथांची ओढ मला तेव्हा नव्हती आणि आजही फारशी नाही.

शस्त्रांचा संग्रह करणारा माणूस नेमके काय गोळा करीत असतो, हा आजचा प्रश्न आहे. माझे म्हणणे थोडक्यात सांगून टाकतो. या पिस्तुलांचे खरे मोल त्यांच्यावरच्या खुणांत आहे. बाहेरच्या बाजूच्या खुणा मालकाची हकीकत सांगतात, आणि आतल्या बाजूच्या खुणा ज्याने वस्तू घडविली त्याची. मालकाची हकीकत सरकारी दप्तरांतही सापडते. घडविणाऱ्याची बहुधा त्या लोखंडावरच तेवढी उरलेली असते. ती पुसली, की गेली.

प्रथम ही वस्तू समजून घेऊ. आपल्याकडे तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक आणि टोपीची बंदूक असे तीन शब्द जुन्या लोकांच्या बोलण्यात होते. तोड्याच्या बंदुकीत जळती वात दारूला लावावी लागे. पाऊस आला की वात विझे, आणि अंधारात तिचा निखारा शत्रूला दिसे. चकमकीच्या बंदुकीने ही अडचण दूर केली. घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा धारदार तुकडा चामड्यात किंवा शिशाच्या पत्र्यात धरून आवळलेला असतो. चाप ओढला, की घोडा पुढे झेपावतो, गारगोटी समोरच्या पोलादी झडपेवर घासते आणि ठिणग्या उडतात. त्याच धक्क्याने झडप मागे उलटते आणि तिच्याखालचे रंजकदान उघडे पडते. ठिणग्या रंजकावर पडतात, रंजक पेटते, आणि नळीच्या कानातून ती आग आतल्या दारूपर्यंत पोहोचते. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते.

या रचनेचे श्रेय फ्रान्समधील लिझ्यू गावच्या मारँ ल बूर्जवा या कारागिराला दिले जाते, आणि तिचा काळ १६१० च्या सुमाराचा मानतात. पुढे सव्वादोनशे वर्षे युरोपातल्या लढाया याच ठिणगीवर झाल्या. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने ठोक्याने पेट घेणाऱ्या मसाल्याचे पेटंट घेतले, त्यातून टोपीची बंदूक निघाली, आणि १८४० च्या आसपास ब्रिटिश सैन्यातून चकमक हद्दपार झाली. तेव्हा ब्रिटिश लष्करी चकमकीचे पिस्तूल म्हटले, की ढोबळमानाने अठरावे शतक आणि एकोणिसाव्याची पहिली चार दशके, एवढा काळ डोळ्यांसमोर आणावा.

यातले प्रकार संग्राहकाला तोंडपाठ असतात. आपल्याला मुख्य तीन-चार पुरेत. पहिले, जड घोडदळाचे. त्याची नळी १२ इंच लांब. ही पिस्तुले जोडीने, खोगिराच्या पुढल्या बाजूच्या चामडी म्यानांत ठेवीत. दुसरे, हलक्या घोडदळाचे. १७५९ पासून इंग्लंडात हलक्या घोडदळाच्या पलटणी उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यासाठी ९ इंच नळीचे, पण मोठ्या तोंडाचे पिस्तूल आले. त्याच्या नळीचे तोंड सुमारे ०.६५ इंच. तिसरे, आरमाराचे. याच्या डाव्या अंगाला पोलादी आकडा असतो, तो खलाशाने कमरपट्ट्यात अडकवायचा. म्हणजे शत्रूच्या जहाजावर चढताना दोन्ही हात मोकळे. एक गोळी झाडली, की ते पुन्हा ठासायला सवड नसे, म्हणून त्याच्या मुठीला जाड पितळी टोपण घालीत. गोळी संपली की पिस्तुलाचा सोटा.

चौथे १८०२ च्या सुमारास आले. त्याची नळी ९ इंचांची, आणि ठासण्याचा गज नळीच्या टोकाशी एका फिरत्या कडीने कायमचा जोडलेला. ही कडी मला फार बोलकी वाटते. धावत्या घोड्यावर ठासताना गज हातातून निसटत असे, आणि गज गेला की पिस्तूल निकामी. कडीने ही अडचण मिटविली. हत्याराची सुधारणा वापरणाऱ्याच्या अडचणीतून होते, हे कारखान्यात काम केलेल्या कोणालाही पटेल.

आता ही पिस्तुले घडत कशी, त्याकडे वळतो. या विषयात मला सर्वांत रस आहे तो येथे.

'लंडनच्या टॉवरमध्ये बनविलेले पिस्तूल' असे जुन्या वस्तूंचे व्यापारी बेधडक सांगतात. कारण कळीच्या पोलादी पट्टीवर इंग्रजी अक्षरांत 'टॉवर' असे ठळक लिहिलेले असते, आणि पुढे मुकुटाखाली 'जी. आर.', म्हणजे जॉर्ज राजा. पण पिस्तूल टॉवरमध्ये जन्माला येत नसे. टॉवर हे कोठार होते. शस्त्रांची खरेदी पाहणारे जे सरकारी खाते, बोर्ड ऑफ ऑर्डनन्स, त्याने अठराव्या शतकाच्या आरंभी एक पद्धत घालून दिली. संपूर्ण बंदूक किंवा पिस्तूल एका कारखानदाराकडून घ्यावयाचे नाही. नळ्या एकाकडून, कळा दुसऱ्याकडून, पितळी सामान तिसऱ्याकडून विकत घ्यावयाचे, तपासून कोठारात भरावयाचे, आणि मग लंडनमधल्या लाकूडकाम करणाऱ्यांकडे व जुळणी करणाऱ्यांकडे हे सुटे भाग द्यावयाचे. यांतले बरेच जण टॉवरच्या शेजारच्या मिनरीज या रस्त्याच्या आसपास राहत.

हे सुटे भाग मुख्यतः बर्मिंगहॅमहून येत. तेथे सेंट मेरी चर्चच्या भोवतालच्या गल्ल्यांत, स्टीलहाऊस लेनच्या बाजूला, बंदूकवाल्यांची वस्तीच होती. आजही तो भाग 'गन क्वार्टर' या नावाने ओळखला जातो. मोठा कारखाना, भोंगा, दरवाजा, असे काही तेथे नव्हते. घराच्या मागे खोपटे, त्यात भट्टी किंवा शेगडा, आणि प्रत्येकाचे एकच काम. एकजण नळी सांधणार, दुसरा तिला आतून छिद्र पाडणार, तिसरा ती सहाणेवर घासणार. कळीचे भाग एकजण घडणार, दुसरा कानशीने जुळविणार, तिसरा त्यांना पाणी देणार. कळा कानसणाऱ्यांची मोठी वस्ती जवळच्या डार्लस्टन आणि वेन्झबरी या गावांत होती. एक भाग या दारातून त्या दारात हिंडत हिंडत पुरा होई. ज्यांनी इचलकरंजीत सुताचे बाचके एका घरातून दुसऱ्या घरात जाताना पाहिले आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

काम किती होते? १८०४ ते १८१५ या नेपोलियनशी झालेल्या युद्धाच्या काळात एकट्या बर्मिंगहॅमने सरकारला १७ लाखांहून अधिक तयार शस्त्रे दिली. शिवाय लंडनमध्ये जुळणीसाठी सुमारे ३० लाख नळ्या आणि २८ लाखांवर कळा पाठविल्या. आणि या साऱ्या काळात इंग्लंडात कामगारांनी संघटित होऊन मजुरी वाढवून मागणे हा कायद्याने गुन्हा होता. १७९९ आणि १८०० मधील ते कायदे १८२४ मध्ये रद्द झाले. म्हणजे ज्या कळा आज काचेच्या कपाटात दिसतात, त्यांतल्या हजारो अशा हातांनी कानसल्या आहेत, ज्या हातांना एकत्र येण्याची मनाई होती. १८१५ मध्ये युद्ध संपले, मागणी आटली, आणि डार्लस्टनच्या कानसवाल्यांवर उपासमारीची पाळी आली.

गारगोटीचीही एक हकीकत आहे. ब्रिटिश सैन्याला गारगोट्या पुरविणारे प्रमुख गाव म्हणजे सफोक परगण्यातील ब्रँडन. तेथे जमिनीखालून गारेचे धोंडे काढीत आणि बंद खोपटांत बसून हातोडीने त्यांचे चौकोनी तुकडे पाडीत. एक कसबी माणूस दिवसाला हजारो तुकडे काढी. त्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन ही माणसे अकाली मरत. हा आजार म्हणजे आपण ज्याला सिलिकोसिस म्हणतो तोच. आजही खंबायतच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांना तो होतो, आणि अकीक व गारगोटी हे एकाच जातीचे दगड आहेत. पिस्तुलाच्या जबड्यातला तो इवलासा तुकडा पाहताना एवढे ध्यानात असावे.

आता खुणांकडे येऊ. १७६४ पूर्वीच्या कळीच्या पट्टीवर, घोड्याच्या मागे, एक नाव आणि एक साल कोरलेले असे. जॉर्डन, एज, व्हर्नन, ग्राइस, विलेट्स, गॅल्टन अशी ही नावे आहेत. नव्या संग्राहकाला वाटते, की ही कारागिरांची नावे. ती ठेकेदारांची नावे आहेत. कानस चालविणाऱ्याचे नाव पट्टीवर कधीच नव्हते. तरी निदान कोणाच्या जबाबदारीवर माल आला, एवढे कळत असे. १७६४ मध्ये बोर्डाने ही नावे आणि साले कोरण्याची पद्धत बंद केली. तेव्हापासून पट्टीवर फक्त 'टॉवर'. आयर्लंडसाठी असेल तर 'डब्लिन कॅसल'. ठेकेदारही गेला, वर्षही गेले. राहिला तो राजा आणि त्याचे कोठार.

या एका बदलामुळे संग्राहकाचे काम कठीण झाले. शिवाय १७१४ पासून १८३० पर्यंत इंग्लंडच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज बसले. तेव्हा नुसते 'जी. आर.' पाहून वस्तूचा काळ ठरविता येत नाही. नळीची लांबी, घोड्याचा आकार, पट्टीची ठेवण, पितळी सामानाचे घाट, हे सारे एकत्र पाहावे लागते. हॉवर्ड ब्लॅकमोर यांचे ब्रिटिश लष्करी बंदुकांवरचे इंग्रजी पुस्तक १९६१ मध्ये निघाले, आणि त्यानंतर या अभ्यासाला शिस्त आली. नमुने, हुकूम, साले आणि ठेके यांची सरकारी कागदपत्रांशी सांगड घातली जाऊ लागली.

बाहेरच्या बाकीच्या खुणाही पाहा. रंजकदानाच्या खाली मुकुट आणि रुंद बाणाचे टोक. ही सरकारी मालकीची खूण. नळीवर मुकुटाखाली आडवे राजदंड. जास्त दारू भरून नळीची परीक्षा घेतली आणि ती फुटली नाही, याची ही ग्वाही. लाकडावर कोठारवाल्याचा ठसा. आणि मुठीजवळच्या छोट्या पितळी पट्टीवर कधी एखादे अक्षर आणि आकडा. तो घोडेस्वाराच्या तुकडीचा आणि हत्याराचा अनुक्रम. राजाचे नाव ठळक, ठेकेदाराचे १७६४ पर्यंत, आणि शिपाई मात्र आकड्यापुरता. कामगाराच्या छातीवर बिल्ल्याचा नंबर असतो, तसाच.

मग कारागीर कोठे आहे? त्याला शोधायचे तर कळ लाकडातून सोडवून उलटी करावी लागते. आतल्या बाजूला दोन लहान अक्षरे ठोकलेली सापडतात. नळी उचलली, तर तिच्या पोटाखाली आणखी एखादी जोडी. स्क्रूंवर आणि भागांवर कानशीने मारलेल्या एक, दोन, तीन अशा रेघा. त्या रेघांचे कारण सोपे आहे. त्या काळी एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्याला बसत नसे. प्रत्येक भाग हाताने घासून त्याच्या जोडीदाराशी जुळवावा लागे, आणि पाणी द्यायला किंवा चकाकी करायला दहा पिस्तुले एकत्र मोकळी केली, की आपले भाग आपल्याला परत मिळावेत म्हणून या खुणा. आणि दोन अक्षरे कशासाठी? काम कोणाचे हे कळावे, पैसे कोणाला द्यायचे आणि नापास झाले तर कोणाकडे परत पाठवायचे हे ठरावे, म्हणून. म्हणजे हिशेबाच्या सोयीसाठी ठोकलेली अक्षरे. पण ती आज त्या माणसाची एकमेव सही आहे.

माझ्याजवळ पिस्तूल नाही. एक सुटी, मोडकी कळ मात्र आहे. जुन्या बाजारात लोखंडाच्या भावाने ती मिळाली. बाहेर मागच्या पायांवर उभा राहून पंजांत मुकुट धरलेला सिंह आहे. आत दोन अक्षरे आणि तीन रेघा. आतल्या स्प्रिंगची बैठक कानसताना त्या माणसाने कोपऱ्यात हात हलका केला आहे, तेथे कानशीचे माग बारीक होत गेले आहेत. फिटरच्या कामात ही नजर यायला चार-पाच वर्षे लागतात. तो कसबी माणूस होता, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

हा सिंह ईस्ट इंडिया कंपनीचा. येथे आपल्या मुलखाचा संबंध येतो. कंपनी आपली शस्त्रे राजाच्या खात्याकडून न घेता लंडनच्या बंदूकवाल्यांकडून स्वतंत्रपणे घेई, आणि त्यांच्यावर स्वतःची खूण घाली. १८०८ पर्यंत ही खूण म्हणजे चार भाग केलेले हृदय आणि त्यात व्ही, ई, आय, सी ही चार अक्षरे. ही मूळची मालाच्या गठ्ठ्यावर मारायची व्यापारी खूण. कापसाच्या गाठीवर जो ठसा, तोच बंदुकीवर. कंपनीचा सारा इतिहास त्या एका ठशात आला. १८०८ पासून हृदय जाऊन सिंह आला. दुकानदार राज्यकर्ता झाल्याची ही कबुलीच म्हणावयाची. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे पेशव्यांच्या फौजेसमोर कंपनीचे जे पायदळ उभे राहिले, त्याच्या हातांत याच चकमकीच्या बंदुका होत्या.

आणि एक मौजेची गोष्ट. राजाच्या शस्त्रांवरून ठेकेदाराचे नाव १७६४ मध्ये गेले, पण कंपनीच्या कळांवर नाव आणि साल पुढेही कोरले जात होते. व्यापाऱ्याला माल कोणाकडून घेतला याची नोंद हवी असते. त्यामुळे हृदयाची खूण असलेल्या कळीचा काळ ठरविणे संग्राहकाला सोपे जाते.

येथे संग्राहकाचे शत्रू कोण, तेही सांगावयास हवे. पहिला शत्रू नकली माल. खैबर खिंडीच्या परिसरात कंपनीची हृदयाची खूण मारलेल्या खोट्या कळा कित्येक वर्षे बनत आल्या आहेत, आणि अफगाणिस्तानात गेलेल्या परदेशी शिपायांनी त्या हौसेने विकत घेतल्या. 'टॉवर' लिहिलेली शोभेची पिस्तुले आपल्या देशातही बनतात. शोभेची वस्तू शोभेची म्हणून विकली, तर त्यात काही वावगे नाही. खऱ्याच्या भावाने विकली, की फसवणूक. पारख कशी करावी? अक्षरे वेडीवाकडी किंवा उलटी आहेत का पाहावे. खूप वापरलेल्या पिस्तुलाच्या नळीचा कान आगीने झिजून मोठा झालेला असतो, आणि रंजकदानामागचे लाकूड काळे पडलेले असते. पट्टी झिजलेली आणि घोडा मात्र कोरा, असे दिसले, तर ते पिस्तूल मध्यंतरी टोपीचे केले गेले आणि विकण्यासाठी पुन्हा चकमकीचे केले, असा संशय घ्यावा.

दुसरा शत्रू घरातला आहे, आणि तो फार मोठा. त्याचे नाव चकाकी. दिवाळी आली, की आपण घरची पितळी भांडी चिंचेने घासतो. तोच हात जुन्या शस्त्राकडे वळतो. लोखंडावर पॉलिशपेपर, तारेचा ब्रश, लाकडावर नवे व्हार्निश. वस्तू आरशासारखी होते आणि मुकुट, बाण, राजदंड, तुकडीचा आकडा, सारे एका दुपारी सपाट होते. अडीचशे वर्षे जे टिकले, ते अर्ध्या तासात जाते. म्हणून माझी विनंती आहे, की आपल्या घरात, माळ्यावर, ट्रंकेत असे काही असेल, तर घासू नका. मऊ फडक्याने धूळ पुसा, लोखंडाला हलके तेल लावा, बस्स.

त्याहूनही आधीची एक विनंती. जुने पिस्तूल रिकामे आहे असे कधीही धरून चालू नका. भरलेली जुनी शस्त्रे आजही सापडतात, आणि काळी दारू कोरडी असली तर ती वर्षे मोजीत नाही. लाकडी काडी नळीत तळापर्यंत घालावी, तोंडाशी खूण करावी, आणि तीच काडी नळीच्या बाहेरून धरून पाहावी. काडीचे टोक कानापर्यंत पोहोचले नाही, तर आत काहीतरी आहे. मग हात न लावता जाणकाराला बोलवावे. कायद्याकडेही डोळेझाक करू नये. १९५९ च्या आपल्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या नमुन्याच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सवलत आहे, पण ती दुरुस्ती करूनही झाडता न येणाऱ्या शस्त्रांपुरती. चालते पिस्तूल कितीही जुने असले, तरी आधी चौकशी करावी.

आता एक आक्षेप. आपल्यापैकी कोणी मनात म्हणत असेल, 'माणूस मारण्याच्या हत्यारांचे एवढे कौतुक कशाला? आणि तेही ज्यांनी आपल्याला गुलाम केले त्यांच्या हत्यारांचे?' हा आक्षेप मला हलका वाटत नाही. कामगार चळवळीत युद्धाविरुद्धच्या मोर्च्यांत मी चाललो आहे. याच आक्षेपाला त्या काळीही एका माणसाला तोंड द्यावे लागले होते. त्याची हकीकत ऐका.

बर्मिंगहॅमचा सॅम्युअल गॅल्टन हा बंदुकांचा मोठा ठेकेदार. त्याचे घराणे क्वेकर पंथाचे, आणि हा पंथ तर युद्धाचा कडवा विरोधक. गॅल्टनच्या बंदुका सैन्याला जात, तशा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या व्यापारासाठीही जात. १७९५ मध्ये त्याच्या पंथबंधूंनी त्याला जाब विचारला. १७९६ मध्ये त्याने छापील उत्तर दिले. त्याचा आशय असा, की युद्धाला कर देणारा प्रत्येकजण त्यात भागीदार आहे, आणि गुलामांच्या श्रमांनी पिकलेली साखर, तंबाखू आणि कापूस वापरणाराही हात झटकून मोकळा होऊ शकत नाही. मग मलाच तेवढे वेगळे का काढता? पंथाने त्याचे म्हणणे मानले नाही आणि त्याला बाहेर काढले.

मला विचाराल, तर त्या पंथाचा निर्णय बरोबर होता. सारेच थोडेथोडे दोषी आहेत, एवढ्याने सर्वांत जास्त नफा घेणारा निर्दोष ठरत नाही. मालकांचा हा युक्तिवाद मी वाटाघाटींच्या टेबलावर पुष्कळदा ऐकला आहे. पण गॅल्टनच्या बोलण्यात एक सत्यही होते. एका पिस्तुलात एक सारे गाव गुंतलेले असते. डार्लस्टनच्या कानसवाल्याला आपली कळ कोणाच्या छातीवर रोखली जाणार आहे, हे कोणी विचारले नव्हते. त्याला पोट होते. हत्याराचे पाप मालकाच्या, राजाच्या आणि व्यापाऱ्याच्या खाती मांडावे. कसबाचे पुण्य मात्र ज्याचे त्याला द्यावे. दोन्ही हिशेब वेगळे ठेवता आले पाहिजेत, आणि ते ठेवायचे तर वस्तू शाबूत हवी. हत्यार वितळवून टाकले, तर पापाचा पुरावाही गेला आणि कसबाचाही. म्हणून मी संग्राहकाच्या बाजूने उभा राहतो. मात्र तो खुणा वाचणारा हवा. मुठीवर हात ठेवून मिशा पिळणारा नको.

पुढे काय झाले, तेही सांगतो. १८५० नंतर एन्फील्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकेहून आणलेली यंत्रे बसली. एका बंदुकीचा भाग दुसरीला बसू लागला. कानशीच्या रेघांची गरज उरली नाही. बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांनी १८६१ मध्ये एकत्र येऊन यंत्रांवर चालणारी मोठी कंपनी काढली, बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. आपल्या वडीलधाऱ्यांना हे नाव बी. एस. ए. सायकलमुळे ठाऊक आहे. त्या सायकलीच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन रायफली असत, त्या येथून आल्या. टॉवरवाले बोर्ड ऑफ ऑर्डनन्स १८५५ मध्ये मोडीत निघाले. पण 'ऑर्डनन्स' हा शब्द आपल्याकडे राहिला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. आणि आपल्या देशाचे ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डही १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. नावे बदलतात, ठसे बदलतात. कानस, भट्टी आणि बाकावर वाकलेला माणूस यांची कोठेतरी नोंद राहावी, एवढीच माझ्यासारख्याची खटपट.

तेव्हा मित्रहो, यापुढे संग्रहालयात गेलात आणि काचेआड एखादे चकमकीचे पिस्तूल दिसले, तर पट्टीवरचा मुकुट पाहा, 'टॉवर' वाचा, सिंह असेल तर कंपनी ओळखा, मुठीवरचा शिपायाचा आकडा शोधा. आणि संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांना नम्रपणे विचारा, की कळीच्या आतल्या बाजूचे एखादे छायाचित्र शेजारी लावता येईल का? खर्च फार नाही. पण त्यामुळे लोकांना राजाच्या नावामागची ती दोन अक्षरे दिसतील. मुले विचारतील, ही अक्षरे कोणाची? त्या प्रश्नाचे उत्तर देताना डार्लस्टनच्या खोपटाबद्दल, ब्रँडनच्या धुळीबद्दल आणि कानशीबद्दल बोलावेच लागेल.